जुन्या सर्व्हरमधलं गवत

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या घरात सकाळ व्हायची ती आवाजानं, उजेडानं नाही. खिडकी एकच होती आणि तिचं तोंड शेजारच्या भिंतीकडं. आधी गल्लीच्या टोकाचे माग सुरू व्हायचे, खट्-खटाक, खट्-खटाक. मग खाली अक्कांचं विड्यांचं सूप सरकायचं, भिजवलेली पानं कात्रीनं कापल्याचा बारीक कर्र कर्र आवाज यायचा, आणि शेवटी जिन्याच्या तळाशी येऊन त्या तेलुगूत विचारायच्या, "लेचिनवा, मंगल?" उठलीस का? मी वरून "व्हय" म्हणायची. त्यांना माझं व्हय कळायचं, मला त्यांचं लेचिनवा. त्यापुढचं दोघींनाही बरेच दिवस कळत नव्हतं, पण त्यावाचून काही अडलंही नाही. आज मी हैदराबादेत राहते, इथली भाजीवाली मला विचारते, तुमचं गाव वरंगलकडचं का? मी हसते. माझी तेलुगू वरंगलची नाही, ती सोलापुरातल्या एका जिन्याच्या तळाशी शिकलेली आहे.

मी सांगोल्याकडच्या माळावरची. आमच्याकडं मेंढरं होती, आणि मेंढरं असली की घर पायाला बांधलेलं असतं. आठवीच्या वर्षी कळप लांब गेला, आईचं दुखणं होतं म्हणून मी आबांच्या, म्हणजे वडलांच्या, मागं गेले. परत आले तेव्हा शाळेच्या हजेरीत माझं नाव कुणी घेत नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. पुढं गावातली एक बाई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती, तिच्यासंगं मीही आले. टॉवेलच्या कडा दुमडून शिलाई मारायची, एवढंच काम. पहिले पंधरा दिवस मी डबा न आणता पाण्यावर काढत होते. हे कारखान्यातल्या मामांच्या ध्यानात आलं आणि एका दुपारी ते म्हणाले, "चल की घरी. जेव आणि ये." त्या दुपारी चिंचेचा भात आणि वर शेंगांची चटणी जेवले, आणि मग त्या घरात राहिलेच. माळ्यावर माझं अंथरूण पडलं. मला कुणी जा म्हटलं नाही, पण कुणीतरी कधीतरी म्हणेल, ही धाकधूक मला कायम असायची. भांडं घासतानासुद्धा मी त्याचा आवाज होऊ द्यायची नाही.

मामा कारखान्यात जॅकार्डची कार्डं मारायचे. म्हणजे चादरीवर जी वेलबुट्टी दिसते, ती आधी चौकटीच्या कागदावर काढायची, आणि त्यातल्या एकेका चौकटीप्रमाणं जाड पुठ्ठ्याला भोकं पाडायची. माग ती भोकं वाचतो आणि तसा धागा उचलतो. आता ते काम कॉम्प्युटर करू लागला होता, मामांकडं मोडक्या जुन्या मागांची दुरुस्ती तेवढी उरली होती. पण तीस वर्षांची सवय हातातून जात नाही. मागावर कापडाची सुलट बाजू खाली असते, विणणाऱ्याला दिसते ती पाठ. त्यामुळं काठाला कारखान्याचं नाव विणायचं असलं की मामा ते कागदावर उलटं काढायचे, आरशात दिसतं तसं. इतकं, की त्यांच्याकडनं शिकून त्यांच्या मुलीनं, पद्मानं, शाळेत पहिलीला पाटीवर जे नाव लिहून नेलं होतं, ते बाईंना वाचताच आलं नाही. "यांचं सगळंच उलटं," त्यांची बायको, म्हणजे अक्का, म्हणायच्या, "लग्नात माळ घालताना पण पाठ करून उभे होते." मामा म्हणायचे, "पाठीवरनंच कापड कळतंय बे, तोंडावरनं काय, कुणीही बघतंय."

पद्मा माझ्याच वयाची, कॉलेजात जाणारी. माळ्यावर माझ्या अंथरुणाशेजारी तिचा कॉम्प्युटर होता. पुण्याच्या चुलतभावानं त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड तिला दिलं होतं आणि त्याच्या जोरावर ती एक खेळ खेळायची. त्यात घोड्यावर बसून डोंगर ओलांडायचे, कुणाकुणाशी लढायचं. मला लढाईत काही रस नव्हता. पण पहिल्यांदा ती मला दाखवायला बसली तेव्हा एका टेकडीच्या वर घोडा थांबला आणि खाली नजर पोचेल तिथवर माळ पसरला. सहा महिन्यांत मी एवढं आभाळ एकदम पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "इथंच थांब की जरा." पण माळ नुसता राखाडी होता, घोंगडं अंथरल्यासारखा, गवत उगवतच नव्हतं. घोडा चार पावलं जायचा, अडकायचा, मग एकदम पुढं उडी मारायचा. पद्मा म्हणाली, "प्रोसेसर दमतोय याचा. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, पण त्याला काम देणारा मेंदूच दोन बैलांचा आहे, चार पाहिजेत." मग ती मला रोज थोडा वेळ तिथं उभं करायची. मी त्या राखाडी माळाकडं बघत राहायची आणि गवत मनानं लावायची. कुसळी, पवन्या, डोंगरी. वारा मात्र मला लावता यायचा नाही.

त्याच सुमाराला कारखान्याच्या ऑफिसातला जुना सर्व्हर मालकांनी काढायला घेतला. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र न थांबणारा कॉम्प्युटर, बाकी सगळ्यांना त्याच्यातनं डिझाइनं पुरवली जायची. भंगारवाल्याच्या गाडीत टाकायच्या आधी मालक मामांना म्हणाले, काही कामाचं वाटत असेल तर न्या. मामा, मी आणि सायकल, असे आम्ही तो घरी आणला. सायकलच्या पाठीवर आडवा बांधलेला, मेंढीचं मेलेलं कोकरू आणल्यासारखा, जड आणि थंड. आत दोन प्रोसेसर होते, प्रत्येकात चार मेंदू. पद्मानं नेटवर वाचलं होतं की असले सर्व्हरचे प्रोसेसर जगात कुठंकुठं लोक आपल्या खेळाच्या कॉम्प्युटरात बसवतात, वर्षानुवर्षं राबलेले असतात पण दमत नाहीत. फक्त ते सरळ बसत नाहीत. कॉम्प्युटरात प्रोसेसर बसतो त्या खोबणीला दोन बारीक प्लॅस्टिकचे दात असतात ते कापायचे, आणि प्रोसेसरच्या पाठीवर कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं एक स्टिकर चिकटवायचं, म्हणजे तिथल्या वीज जायच्या दोन टिकल्यांची अदलाबदल होते. स्टिकर तिनं मागवलं. एका लिफाफ्यात ते एकच आलं. मग आठवडे गेले. कुणाचीच हिंमत होईना, कारण चुकलं तर सर्व्हर गेला तर गेला, पण घरातला चालता कॉम्प्युटरही जाणार होता, पद्माच्या कॉलेजचं सगळं त्यावर होतं.

आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं होतं. आबांचा फोन आला होता. आबा फोनवर मोठ्यानं बोलतात, माळावर बोलल्यासारखे. "काय करतीस गं तितं?" टॉवेलच्या कडा दुमडते असं सांगायला मला लाज वाटली. एवढ्यासाठी मेंढरं सोडून आले का, असं त्यांना वाटेल असं वाटलं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर जोडायला शिकते, आबा." पलीकडं फोनात वारा घुमत होता. मग ते म्हणाले, "बरं. आयतवारी येतो. तुझ्या आयला बी एकटीला उरकत न्हाय आता. तू खरंच जोडत असशील तर ऱ्हा, मी आडवा येत न्हाय. न्हायतर चल घरला."

शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर आम्ही माळ्यावर बसलो. पद्मा वाचून दाखवणार, मी हात चालवणार, कारण बारीक कामाची मला सवय होती. लहानपणी कोकराच्या डोळ्यातलं कुसळ मीच काढायची. अक्का जिन्यावर बसून विड्या वळत होत्या आणि लक्ष सगळं वर. प्लॅस्टिकचे ते दोन दात मामांनी कार्डं नीट करायच्या पात्यानं कापले. सर्व्हरमधनं प्रोसेसर बाहेर आला, एका बाजूला चकचकीत पत्रा, दुसऱ्या बाजूला सोनेरी टिकल्यांच्या रांगाच रांगा. मामा त्या बाजूकडं बघतच राहिले. "हे तर ग्राफ आहे की," ते हळूच म्हणाले. "चौकटी आहेत नुसत्या. कुणी काढलंय हे?"

स्टिकर कुठं लावायचं त्याचं चित्र लिफाफ्यात होतं. पद्मानं ते पुढं धरलं, मी चिमट्यात स्टिकर पकडलं, आणि मामा म्हणाले, "थांब. हे असं नाही. हा प्रोसेसर आपण पालथा बसवणार ना? मग चित्र फिरवून घे. पाठीची बाजू आहे, उलटंच लागतंय." पद्मा वडलांना म्हणाली, "अहो नान्ना, चित्रात तसं—" "तुला कापड कळतंय का मला?" आणि इतक्या वर्षांचा हात इतक्या खात्रीनं बोलला की मी त्यांचं ऐकलं. त्या घरात मामांचा शब्द मी कधीच मोडला नव्हता, मोडायची माझी छातीच नव्हती. स्टिकर मी चित्रात होतं त्याच्या समोरच्या कडेला चिकटवलं. वरनं पंखा बसवायच्या आधी पांढरी पेस्ट लावायची होती, ती बघून अक्का म्हणाल्या, "पान खातोय का काय हा? चुना लावलालीस." सगळे हसले. मग बटण दाबलं. पंखा फिरला, मोठ्यानं फिरला. पडदा काळा. आम्ही बंद केला, पुन्हा दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

तो पंखा अजून मला ऐकू येतो. माझं आताचं काम त्यातलंच आहे: एका मोठ्या थंड हॉलमध्ये रांगेनं सर्व्हर उभे असतात, जुने काढायचे, नवे बसवायचे. तिथं हजारो पंखे एकदम फिरतात आणि नव्या मुली म्हणतात, मॅडम, डोकं दुखतं. माझं दुखत नाही. मला त्या आवाजात कधी माग ऐकू येतात, कधी माळावरचा वारा, आणि कधी नुसता तो शनिवारचा पंखा, चालू असून काहीच न सांगणारा. त्या संध्याकाळी कुणी माझ्यावर रागावलं नाही. अक्कांनी चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, केलं, माझ्या भातावर दोन पळ्या जास्त वाढलं. पद्मा म्हणाली, "जाऊ दे की. जुना परत बसवू." पण दात कापले होते, जुना नीट बसेल याची तिलाही खात्री नव्हती, हे मला तिच्या आवाजावरनं कळत होतं. मामा जेवलेच नाहीत, बाहेर ओट्यावर बसून राहिले. मी मनात माझं गाठोडं बांधलं. दोन साड्या, एक ड्रेस, कंगवा. आबा येतील, बघतील, आणि मी त्यांच्या मागं निघेन. त्यांना काही बोलावंही लागणार नाही.

सकाळी अंथरूण काढताना मी अक्कांनी दिलेली चादर घडी घालत होते. माझ्याकडच्या बाजूला काठावरची अक्षरं उलटी दिसत होती, आरशातल्यासारखी. ती मी रोजच बघत होते. घडीवर घडी पडली तशी पलीकडची बाजू वर आली आणि अक्षरं सुलट झाली. अजून एक घडी, परत उलटी. मी तशीच उभी राहिले. मग लिफाफ्यातलं ते चित्र घेतलं. चित्रात सोनेरी टिकल्या काढलेल्या होत्या. टिकल्या पाठीवर असतात. म्हणजे चित्र काढणाऱ्यानं पाठच काढली होती, त्यानं आधीच उलटं केलं होतं, आणि मामांनी ते परत उलटं केलं.

हे मामांना कसं सांगावं, याची मला चालू कॉम्प्युटर मोडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. मी चादर घेऊन खाली गेले आणि ओट्यावर त्यांच्यासमोर ती एकदा दुमडली, मग दोनदा. मग तिच्याशेजारी ते चित्र ठेवलं. मामांनी चादरीकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही, पण आतनं अक्का हसायला लागल्या. "काय म्हणाले?" मी विचारलं. पद्मा म्हणाली, "म्हणाले, उलट्याचं उलटं म्हणजे सुलट, हे मी तीस वर्षांत विसरलो."

मामांसकट आम्ही माळ्यावर आलो, आता स्टिकर काढायचं होतं. एकच होतं, फाटलं की संपलं. पद्माचा हात लागेना, माझ्या बोटांना कड सापडेना. तेव्हा अक्का वर आल्या. विडीचं तोंड दुमडायची बारीक लोखंडी काडी त्यांनी पदराला पुसली, प्रोसेसर मांडीवर सुपात ठेवला, आणि अंगठ्याच्या वाढलेल्या नखानं स्टिकरची कड उचलायला सुरुवात केली. आणि नेमक्या त्या वेळी जिन्यात पावलं वाजली. आबा आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात कडक भाकरीचं फडकं. त्यांनी आत पाहिलं. कुणी त्यांना या म्हटलं नाही, आम्ही चौघंही अक्कांच्या नखाकडं बघत होतो. आबांना असल्या शांततेची सवय आहे. मेंढी व्यायला लागली की मेंढवाड्यात अशीच शांतता असते. ते दारातच उकिडवे बसले आणि तेही बघायला लागले.

स्टिकर अख्खं निघालं. अक्कांनीच ते नवीन जागी ठेवलं, काडीच्या टोकानं दाबलं, आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "नुव्वे," त्या म्हणाल्या. तूच. मी प्रोसेसर बसवला, वरनं पंखा, वायर. आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "ह्ये जोडतीस व्हय?" मी मान हलवली. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. मी मनात मोजत होते, कितीपर्यंत ते मला आठवत नाही. मग पडद्यावर पांढरी अक्षरं आली, एक ओळ, दुसरी ओळ, आणि पद्मानं माझ्या दंडाला इतकं जोरात धरलं की वळ उठला.

तिनं काही न विचारता तो खेळ लावला आणि घोडा त्याच टेकडीवर नेला. मी खाली पाहिलं. माळ हिरवा नव्हता, वाळलेला होता, उन्हाळ्याच्या तोंडावर आमचा असतो तसा, आणि त्यावर गवत होतं, काडी काडी वेगळी, आणि सगळं गवत एका बाजूला वाकत होतं, उठत होतं, पुन्हा वाकत होतं. वारा होता. मी जो कधी लावू शकले नव्हते तो वारा त्यात होता. घोडा अडकला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला वाटलं हे आबांना दिसू नये, म्हणून मी पंख्याकडं बघितल्यासारखं केलं.

आबा पुढं सरकले होते. पार पडद्याजवळ. "मेंढरं न्हाईत का ह्यात?" पद्मा म्हणाली, "असतात कुठंतरी, मी कधी शोधली नाहीत." आबांनी गवताकडं बोट केलं. "वारं हिकडनं येतंय न्हवं? मग त्याच अंगाला जा. मेंढरू वाऱ्याकडं तोंड करून चरतं." पद्मानं घोडा वळवला. एक ओढा ओलांडला, एक चढ. आणि चढापलीकडं पाच-सहा पांढरी मेंढरं होती. योगायोग असेल. मी आजवर कुणाला हे सांगितलं की ते म्हणतात योगायोग, आणि मीही म्हणते. पण आबांनी तोंडानं ती हाळी दिली, जीभ टाळूला लावून, "हिर्र्रऽऽ", आणि खाली गल्लीतलं एक कुत्रं भुंकलं, आणि मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आबा, मी कुठल्या क्लासला जात न्हाय. कारखान्यात टॉवेलला शिलाई मारते." पद्मा माझ्याकडं बघायला लागली, आता हे कशाला, अशी. आबांनी माझा हात धरून बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "ठावं हाय," ते म्हणाले. "सुई लागल्याली दिसती की. मागल्या खेपंला गावाकडं आली व्हतीस तवाच बघितलंया." मग त्यांनी त्या फिरणाऱ्या पंख्याकडं हनुवटी केली. "पन ह्ये खोटं न्हाय न्हवं? ह्ये तूच लावलंस, म्या बघितलं." मी म्हटलं, "व्हय." "मग शिक की," ते म्हणाले. "तुझ्या आयला मी बघतो." एवढंच. मी ज्या गोष्टीसाठी आठवडाभर नीट जेवले नव्हते ती एवढ्यात संपली, आणि अक्का खालून ओरडल्या, सगळ्यांनी जेवायला या, भात गार होतोय.

जेवताना आबांनी चारूत कडक भाकरी चुरून खाल्ली आणि अक्कांना सांगितलं की हे तर आमच्या कढणासारखं लागतं. अक्कांना कढण कळलं नाही, आबांना चारू हा शब्द आला नाही, तरी दोघं बराच वेळ बोलत होते. निघताना आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं. नवीन होतं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, काळं, कडेला पांढरी रेघ. ते त्यांनी मामांच्या हातात ठेवलं, "पोरगी माळ्यावर निजती, थंडीचं ऱ्हाऊ द्या तिला." तेच घोंगडं आता माझ्यासंगं हैदराबादेत आहे, सर्व्हरच्या हॉलमध्ये एवढं गार असतं की मी ते पांघरूनच काम करते आणि नव्या मुली त्याला मॅडमची शाल म्हणतात.

त्या दिवशी मामांनी ते दारातच उजेडाकडं धरलं. हा माणूस हातात कापड आलं की आधी उलटंच बघणार. त्यांनी ते फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, धाग्यावरनं बोट नेलं, कडेची रेघ तपासली. त्यांना काही सापडेना. "पाहुणे," त्यांनी विचारलं, "याची सुलट बाजू कंची?"

आबा पायऱ्या उतरून गल्लीत पोचले होते. मागं न बघताच म्हणाले, "अंगाला लागंल ती."